एशरचा वाडा नाही, राणीचा

नेदरलँड्समधल्या हेग शहरात एका जुन्या वाड्यात एशर म्युझियम आहे, नजरेला चकवणारी चित्रं काढणाऱ्या डच चित्रकार एशरचं. त्याला काही जण 'एशरचा पॅलेस' म्हणतात म्हणून लिहितोय. एशर तिथे कधीच राहिला नाही हो, तो बरीच वर्षं बार्न नावाच्या दुसऱ्या गावी होता आणि १९७२ मध्ये वारला, म्युझियम उघडलं थेट २००२ साली! वाडा त्याच्याहून कितीतरी जुना, १७६४ चा, पीटर द स्वार्त नावाच्या आर्किटेक्टने बांधलेला, १८११ मध्ये नेपोलियनही मुक्कामाला येऊन गेला म्हणतात.

खरी मालकीण म्हणजे नेदरलँड्सची राणी एमा. नवरा, म्हणजे राजा, वारला तेव्हा मुलगी विल्हेल्मिना अवघी १० वर्षांची, मग १८९८ पर्यंत कारभार हिनेच बघितला, आणि मुलगी गादीवर बसायच्या आधीच, १८९६ मध्ये, हा वाडा घेऊन ठेवला. बाई पुढचं बघणारी होती! १९०१ पासून हिवाळ्यात इथे राहायची, १९३४ मध्ये गेली तीही इथेच. नंतरच्या राण्यांनी ऑफिस म्हणून वापरला, मग ९० च्या सुमारास नगरपालिकेने घेतला.

आता गंमत अशी की खोल्या अजून राजघराण्याच्या थाटातल्याच आहेत पण छताला झुंबरं लटकतायत ती शार्क, कवटी, कोळी अशी, हान्स फान बेंटेमने केलेली. बॉलरूममध्ये चांदणीचं झुंबर दोन बाजूंच्या आरशांत दिसतच राहतं, संपतच नाही. मला तर काही चित्रांपेक्षा तेच जास्त एशरछाप वाटलं. एशरचं 'मेटामॉर्फोसिस ३' हे चित्र मात्र चुकवू नका, सुमारे ७ मीटर लांब आहे, सावकाश चालत बघा.