विषय: न्यू जर्सी सोडून टेक्सासला जावं का?

मंडळी, नमस्कार.
नवऱ्याच्या कंपनीने प्लेनोला बदली देऊ केली आहे. पगार तोच. घरात रोज एकच पालुपद, टेक्सासला राज्याचा इन्कम टॅक्स नाही, मग आपण इथे काय करतोय? मी मेट्रोपार्कहून आठवड्यातून तीनदा मॅनहॅटनला जाते, तिकडे गेलो तर घरून काम करू देतील. सासूबाई आमच्याकडेच असतात. लेक नववीत. राहून पाहिलेल्यांनी सांगावं.
— एडिसनहून

ताई,
आधी टॅक्सचंच सांगतो, कारण ते गणित लोक अर्ध्यावर सोडतात. वजावटी जाऊन दोघांचं मिळून दोन लाखांचं उत्पन्न धरलं, तर न्यू जर्सीचा इन्कम टॅक्स साधारण ८,७०० डॉलर होतो. इथे टेक्सासात शून्य. २०१९ मध्ये तर लोकांनी मतदान करून राज्यघटनेतच त्याला बंदी घातली. पण शाळा आणि रस्ते फुकट होत नाहीत. सेल्स टॅक्स तुमच्याकडे ६.६२५ टक्के, आमच्याकडे शहराचा धरून ८.२५, आणि कपड्यांवरही लागतो. प्रॉपर्टी टॅक्सचा दर तुमच्या जवळपासच. नवी वसाहत एमयूडीत, म्हणजे पाणी-सांडपाण्याची सोय करणाऱ्या स्थानिक जिल्ह्यात असेल, तर त्याचा वेगळा आकार. दरवर्षी अप्रेझलची, म्हणजे करासाठी धरलेल्या घराच्या किमतीची नोटीस येते आणि ती पटली नाही तर १५ मेच्या आत प्रोटेस्ट करायचा असतो. इथल्या मराठी मंडळींचा तो वसंतोत्सव!
गारपिटीचं डिडक्टिबल विम्याच्या रकमेच्या एक ते दोन टक्के असतं. सहा लाखांचा विमा, दोन टक्के, म्हणजे छप्पर गेलं की पहिले १२,००० आपले. शिवाय उन्हाळ्यात घराच्या पायाला पाणी घालावं लागतं. थट्टा नाही, चिकणमाती सुकून आकसली की भिंतींना तडे जातात.
फ्रिस्को डार्टमध्ये, म्हणजे डॅलस भागाच्या बस-रेल्वे सेवेत नाही. दूध आणायलाही गाडी. कार्यसिद्धी हनुमानाचं मंदिर सुरेख आहे, पण सासूबाईंना तिथे सोडायचं आणि आणायचं तुम्हालाच.
घर मात्र प्रशस्त मिळतं आणि बर्फ उपसावा लागत नाही. मी परत येणार नाही.
— फ्रिस्कोहून

चि. फ्रिस्कोकर,
गणित छान मांडलंत, एक आकडा राहिला. २०१७ च्या कायद्याने केंद्राच्या इन्कम टॅक्समधली राज्याच्या आणि स्थानिक करांची वजावट दहा हजारांवर अडवली, तेव्हा आमच्यातले बरेच जण चिडून दक्षिणेला गेले. २०२५ मध्ये ती मर्यादा ४०,००० झाली. त्या काळातले हिशेब आता तसेच्या तसे पुढे करू नका. आमच्या न्यू जर्सीचा सरासरी प्रॉपर्टी टॅक्स २०२४ मध्ये दहा हजारांवर गेला हे मात्र खरं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.
माझा मुलगा डॅलसजवळ राहतो. घर राजवाड्यासारखं. पण सून मीटिंगमधून उठेपर्यंत आम्ही दोघं खिडकीपाशी. दुपारी चार वाजता शंभर डिग्री फॅरनहाइटमध्ये फिरायला कोण जाणार? इथे आमच्या वसाहतीची बस वाणसामानाला नेते. आणि पेट्रोल दुसरा माणूस भरतो, १९४९ पासूनचा कायदा आहे. जानेवारीत त्याचं मोल कळतं. तुमच्या सासूबाईंना विचारलंत का?
— मन्रोहून, काका

अगं, "लेक नववीत" हे कुणी वाचलंच नाही का?
१९९७ च्या कायद्याप्रमाणे टेक्सासच्या प्रत्येक हायस्कूलमधल्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. गावखेड्यातल्या आणि गरीब वस्तीतल्या शाळांना दार उघडावं हा हेतू, आणि तो मला पटतो. पण यूटी ऑस्टिन या सरकारी विद्यापीठाची रेषा वेगळी. ती सहा टक्के होती, २०२६ च्या प्रवेशापासून पाच झाली. राज्यातल्या मुलांच्या तीन चतुर्थांश जागा याच वाटेने भरतात. एका इयत्तेत हजार मुलं असतील, तर पहिली पन्नास. आपल्या भागात ती पन्नास कुणाची असतात हे तुला सांगायला नको. बाकीच्यांना उरलेल्या जागांत निबंध-बिबंध लिहून झगडावं लागतं. आणि पाचात आलं तरी प्रवेश विद्यापीठाला पक्का, कॉम्प्युटर सायन्सला नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठ अजून दहा टक्क्यांवर आहे, तेवढाच दिलासा.
त्यामुळे इथली मुलं आठवीपासून रँकवर डोळा ठेवून विषय निवडतात. ज्या विषयाला जास्त वेटेज तो घ्यायचा. चित्रकला आवडते म्हणून कुणी घेत नाही. माझ्या मुलाने ऑर्केस्ट्रा याच पायी सोडला, आणि मी त्याला थांबवलं नाही. मधेच आलेल्या मुलीचे न्यू जर्सीचे गुण इथल्या रँकमध्ये कसे धरतात, हे घर बघण्याआधी शाळेकडून लेखी घे.
यायचं तर आत्ता ये, नाहीतर ती कॉलेजात गेल्यावर. अकरावीत आणू नकोस.
— प्लेनोहून

सगळ्यांचे आभार.
काका, सासूबाईंना विचारलं. "मला काय, मी येईन," एवढंच म्हणाल्या, आणि मग संध्याकाळभर कुणाशी बोलल्या नाहीत. आमच्या ८,७०० डॉलरमधले निम्मे तिसरी गाडी, तिचा विमा आणि टोल यांतच जातील असं दिसतंय. शाळेला आजच मेल टाकते. प्लेनोच्या ताई, समुपदेशकाला नेमकं काय विचारायचं ते मला वेगळं कळवाल का? मुलगी व्हायोलिन वाजवते.
— एडिसनहून