ऑपरेशनआधी मुलांना शांत करायचं औषध देतात, ते कितपत सेफ असतं?

चिऊची_आई
मुलगी साडेतीन वर्षांची आहे, ॲडेनॉइडचं (नाकाच्या मागच्या गाठीचं) ऑपरेशन ठरलंय. कोणी अनोळखी जवळ आलं की मला घट्ट धरून बसते, मागे रक्त काढायला नेलं तेव्हा रडून रडून उलटी केली होती. भूलतज्ज्ञ म्हणाले ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्याआधी मिडाझोलम पाजू म्हणजे शांतपणे आत येईल. सासूबाई म्हणतात भूल देणारच आहेत तर वर हे गुंगीचं कशाला, आणि खरं सांगायचं तर मलाही धाकधूक वाटतेय. कोणाच्या मुलांना दिलंय का? पूर्ण झोप लागते का, श्वासाला काही होत नाही ना? मी आतपर्यंत सोबत गेले तर औषधाशिवाय नाही का भागणार?

निखिल_बाबा
आमच्या मुलाला हर्नियाच्या वेळी दिलं होतं. झोपला नाही. थोड्या वेळाने डोळे उघडे पण मान लटपटायला लागली, भिंतीवरच्या चित्राकडे बघून उगाच हसत होता. सिस्टरने आधीच बजावलं होतं की आता खाली उतरवू नका, तोल जातो. मग तिच्या कडेवर गेला आणि मागे वळूनही बघितलं नाही. औषध मात्र जाम कडू असतं, पहिला घोट थुंकलाच.

भूलतज्ज्ञ_ताई
मी मुलांना भूल देते म्हणून जरा सविस्तर लिहिते. 'वर हे कशाला' हा प्रश्न अगदी रास्त आहे. मूल आक्रोश करत, धरून ठेवून मास्क लावावा लागला तर त्या क्षणापुरतंच वाईट असतं असं नाही, काही मुलं नंतर कित्येक दिवस रात्री दचकून उठतात, अंथरूण ओलं करतात, आईला सोडत नाहीत. ते टाळायचं म्हणून हे औषध.

तोंडावाटे साधारण किलोमागे ०.५ मिग्रॅ देतात, २०-३० मिनिटांत लागू होतं, नंतरचं बरंचसं मुलाला आठवतही नाही. घाई केली तर उपयोग नाही, औषध देऊन दहाव्या मिनिटाला आत नेलं तर मूल रडणारच आणि मग सगळे म्हणतात औषध चाललं नाही. दुसरा पर्याय डेक्समेडेटोमिडिनचा, ते नाकात देतात, झोंबत नाही, साध्या झोपेसारखी झोप लागते पण त्याला अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो आणि नाडी थोडी मंदावते.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. ॲडेनॉइडवाली मुलं घोरतात. तुमची मुलगी झोपेत मध्येच श्वास थांबून दचकते का, तोंड उघडं टाकून झोपते का, हे भूलतज्ज्ञांना नक्की सांगा. अशा मुलांना आम्ही डोस कमी करतो किंवा देतच नाही, आणि दिलाच तर बोटाला ऑक्सिजन मोजायचं क्लिप लावून माणूस शेजारी ठेवतो. सर्दी-खोकला-ताप असेल तर तेही लपवू नका, तारीख पुढे गेली तरी चालेल. घरून स्वतः काहीही पाजून आणायचं नाही.

सोबत येण्याबद्दल, परवानगी असेल तर जरूर या, पण नुसते आईबाबा जवळ असल्याने भीती खात्रीने कमी होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आई स्वतःच थरथरत असेल तर मुलाला ते लगेच कळतं. मोबाईलवरचं आवडतं कार्टून मात्र खरंच कामाला येतं, काही मुलांना तेवढंच पुरतं.

सई_पुणतांबेकर
एक दुसरी बाजू पण सांगते. माझ्या भाचीला मिडाझोलमने उलटंच झालं, शांत व्हायच्या ऐवजी चिडचिड, हातपाय झाडणं, कोणालाच जवळ येऊ देईना. थोड्यांनाच होतं म्हणे, पण आधी माहीत असतं तर माझी ताई एवढी घाबरली नसती.

भूलतज्ज्ञ_ताई
बरोबर, होतं असं काहींना. पूर्वी कधी झालं असेल तर सांगून ठेवा, पुढच्या वेळी दुसरं औषध निवडता येतं. आणि शुद्धीवर येतानाही या वयाची मुलं पुष्कळदा ओळख न दाखवता किंचाळतात, बहुतेक वेळा अर्ध्या तासात निवळतं. दुखतंय का तेवढं सिस्टरला बघायला सांगा.

चिऊची_आई
खूप खूप धन्यवाद ताई. घोरते ती, आणि पहाटे कधीकधी श्वास अडकल्यासारखा आवाज येतो, हे मी कुणाला बोललेच नव्हते कारण कोणी विचारलं नव्हतं. आज रात्री व्हिडिओ काढून ठेवते आणि उद्या फोन करून डॉक्टरांना सांगते. उपाशी किती वेळ ठेवायचं?

भूलतज्ज्ञ_ताई
व्हिडिओ उत्तम. जेवण आणि दूध सहसा ६ तास आधी बंद, साधं पाणी १-२ तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळच पाळा. औषधासोबत किती पाणी द्यायचं तेही त्यांनाच विचारा.