झुलूलँडचे १३ तुकडे: फोडण्यासाठी की खर्च टाळण्यासाठी?

डोंगरवाट: दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिशांनी झुलूंना हरवलं ती उलुंदीची लढाई ४ जुलै १८७९ ची. झुलूंचा राजा सेत्शवायो ऑगस्टअखेर पकडला गेला आणि १ सप्टेंबरला ब्रिटिश सेनापती सर गार्नेट वुल्सलीने झुलूंचं राज्य १३ सरदारांत वाटून टाकलं. प्रतिकार पुन्हा उभा राहू नये, हाच हेतू. अटी बघा: वयानुसार उभ्या राहणाऱ्या पलटणी, म्हणजे अमाबुथो, बंद, बंदुका आणायच्या नाहीत, ब्रिटिशांना विचारल्याशिवाय लढाई नाही. शेजारच्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीच्या सीमेवर कोण बसवले? जॉन डन हा गोरा व्यापारी आणि ब्रिटिशांकडून लढलेला सोथो सरदार ह्लुबी. डनचा तुकडा तर सगळ्यांत मोठा.

जुनी_बखर: हेतूबद्दल असहमत. लंडनला झुलूलँड ताब्यात नकोच होतं, कारण ताबा आला की खर्च आला. तेरांतले म्थेथ्वांचा म्लांडेला, न्दवांद्वेंचा म्गोजाना ही तर झुलू राज्य उभारणाऱ्या शाकाच्या आधीची घराणी, म्हणजे जुनीच मांडणी परत आणली. फोडून राज्य करायचं असतं तर रेसिडेंटला, म्हणजे तिथे नेमलेल्या ब्रिटिश प्रतिनिधीला, बळ दिलं असतं. पुण्यात पेशव्यांकडच्या रेसिडेंट एल्फिन्स्टनच्या मागे फौज होती. इथल्या रेसिडेंटकडे ना शिपाई, ना कुणाला आवरायचा अधिकार.

डोंगरवाट: बळ द्यायची गरजच नव्हती, गुरांनी ते काम केलं. राजाची गुरं रयतेच्या गोठ्यांत सांभाळायला असायची. ती गोळा करायचं काम नव्या सरदारांकडे आलं. आता गोठ्यातली कुठली गाय राजाची आणि कुठली घरची, हे ठरवणार कोण? जप्ती करणाराच! तेरांपैकी झिभेभू आणि हामू या सरदारांनी याच निमित्ताने उसुथूंची, म्हणजे राजपक्षाची, गुरं हाकून नेली. राजाचा भाऊ न्दाबुको आणि कोवळा मुलगा दिनुझुलू यांना तर झिभेभूच्याच हद्दीत टाकलं होतं. अशी रेघ चुकून पडत नाही.

जुनी_बखर: गुरांचा मुद्दा मान्य, तिथेच सगळं पेटलं. पण परिणामावरून हेतू काढू नका. जानेवारी १८८३ मध्ये ब्रिटिशांनीच सेत्शवायोला परत आणलं.

डोंगरवाट: कसं आणलं तेही सांगा. उत्तर झिभेभूकडे, दक्षिण ब्रिटिशांच्या देखरेखीखाली राखीव, मधला पट्टा राजाला, आणि पलटणी उभारायला बंदी कायम. २१ जुलै १८८३ ला झिभेभूने राजाची राजधानी ओन्दिनी जाळली. १८७९ मध्ये इसांडल्वानाला ब्रिटिशांना हरवणारा म्हातारा झुलू सेनापती न्त्शिंग्वायो तिथेच मारला गेला. पुढच्या वर्षी दिनुझुलूने बोअरांच्या, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या वसाहतकऱ्यांच्या, मदतीने झिभेभूला हरवलं, पण मोबदल्यात मोठा मुलूख त्यांना द्यावा लागला.

जुनी_बखर: आणि १८८७ मध्ये उरलेलं ब्रिटिशांना खालसा करावं लागलं. १८७९ मध्ये टाळायचं होतं ते नेमकं हेच.