केनियातील खेड्यातल्या माध्यमिक शाळेसाठी राखीव निधी : साथीच्या काळात तो कशावर खर्च व्हावा?

प्रश्न : निवृत्त शिक्षक, सात रस्ता, सोलापूर

आमचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त केनियात किसुमूला असतो. त्याच्या ओळखीने आमची मंडळी तिथल्या एका खेड्यातील माध्यमिक शाळेला वर्गणी काढून मदत करीत आली आहे. पुन्हा एखादी साथ येऊन शाळा बंद पडली, तर हाताशी असावा म्हणून वेगळा निधी काढण्याचे घाटत आहे. काहींच्या मते टॅब घ्यावेत; एका यंत्रमागवाल्या मित्राचा आग्रह वसतिगृहासाठी चादरी पाठवण्याचा आहे, मग वाहतूक चादरींपेक्षा महाग का पडेना! जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 : पूर्वी नैरोबीत अध्यापन, सध्या जुळे सोलापूर

सर, टॅबचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. केनियाने मार्च 2020 मध्ये शाळा बंद केल्या, ऑक्टोबरमध्ये ठरावीक वर्ग सुरू केले आणि उरलेली मुले थेट जानेवारी 2021 मध्ये परतली. या काळात रेडिओ व दूरदर्शनवरून पाठ होत असत, पण वीज नसलेल्या घरांत त्यांतला रेडिओच काय तो पोचला. खरी ओढाताण शिक्षकांची झाली. सरकारी आयोगाने नेमलेल्यांचा पगार चालू राहतो. मात्र ते पुरेसे नसल्यामुळे शाळेची व्यवस्थापन समिती स्वतः काही शिक्षक नेमते आणि त्यांचे मानधन पालकांच्या फीमधून भागवते. शाळा बंद म्हणजे फी बंद, आणि फी बंद म्हणजे या शिक्षकांची चूल बंद. ते एकदा दुसऱ्या कामाला लागले, की शाळा उघडल्यावर गणित-विज्ञानाला माणूस मिळणे कठीण होते. आपल्याकडे विनाअनुदानित शाळेत उमेदवारी केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. निधीचा मोठा वाटा या मानधनासाठीच राखावा.

उत्तर 2 : शिक्षिका, मंगळवेढा

पहिल्या उत्तरातील मॅडमच्या म्हणण्यात मुलींची भर घालते. बंद काळात ज्या गरोदर राहतात, त्यांची शाळा सुटण्याची भीती असते. केनियात बाळंतपणानंतर मुलीला शाळेत परत घेण्याचे धोरण आहे. सिएरा लिओनमध्ये तर इबोलाच्या साथीमुळे बंद पडलेल्या शाळा 2015 मध्ये उघडल्या, तेव्हा गरोदर मुलींना वर्गात येण्यास बंदी होती आणि ती 2020 मध्ये उठली. धोरण असले तरी कोणीतरी घरी जाऊन मुलीला आणावे लागते. त्यासाठी एखाद्या शिक्षिकेचा प्रवासखर्च, सॅनिटरी पॅड आणि थकलेली फी, एवढे निधीतून द्यावे. फीचा बोजा शाळा उघडल्यावरच वाढतो, हेही ध्यानात असावे. बुडालेले महिने भरून काढण्यासाठी केनियाने पुढची शैक्षणिक वर्षे आखडती केली, त्यामुळे पालकांवर एका वर्षाची फी भरते न भरते तोच दुसऱ्या वर्षाची येऊन पडली.

उत्तर 3 : सनदी लेखापाल, सोलापूर

पैशांबद्दल थोडक्यात लिहितो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि तीत देणगीही बसते. न्यासाला ही योजना लागू नाही. परदेशी शाळेला दिलेल्या देणगीवर आयकरात वजावट मिळत नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या खात्यातून थेट शाळेच्या बँक खात्यात भरणा करावा. एम-पेसा ही मोबाईलवरून पैसे पाठवण्याची सेवा तिकडे घरोघरी चालते, परंतु मोठी रक्कम कोणाच्या वैयक्तिक मोबाईलवर पाठवू नये.

प्रश्नकर्ते

आभारी आहे. मानधनाची रक्कम कोणत्या आधारावर ठरवावी?

उत्तर 1

समितीने नेमलेल्या शिक्षकांचे गेल्या सत्राचे वेतनपत्रक मुख्याध्यापकांकडून आताच मागवून घ्यावे, आणि बंद काळात पूर्ण द्यायचे की निम्मे, हे समितीशी लेखी ठरवावे. निम्मे ठरल्यास त्या शिक्षकांकडून गावातल्या मुलांचे छोटे गट घरोघरी शिकवून घेता येतील का, तेही त्याच पत्रात विचारावे.