वीजदर ठरवणारा आयोग लोकांनी निवडावा की सरकारने नेमावा?

अनुबंध

विजेच्या तारा ज्या भागात एकाच कंपनीच्या असतात, तिथे दर पटला नाही म्हणून ग्राहकाला दुसरीकडे जाता येत नाही. म्हणूनच तो दर बाजारावर न सोडता नियामक आयोगाकडून ठरवून घेतात. हा आयोग सरकारने नेमावा की लोकांनी निवडून द्यावा, यावर अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षे वाद चालू आहे, कारण तिथे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. ॲरिझोना, जॉर्जिया, लुइझियाना, अलाबामा, मोंटाना अशा सुमारे दहा राज्यांत आयुक्त थेट मतदानाने निवडले जातात. दक्षिण कॅरोलायना आणि व्हर्जिनियात ही निवड विधिमंडळ करते. उरलेल्या बहुतेक राज्यांत गव्हर्नर नेमणूक करतो. आयुक्त लोकांनीच निवडावेत, असे माझे ठाम मत आहे.

गव्हर्नर निवडताना मतदाराकडे एकच मत असते. शाळा, कर, रस्ते, पोलीस, आरोग्य या साऱ्यांचा निवाडा त्याला त्या एका मतात करावा लागतो आणि वीजदराचा प्रश्न त्यात तळाशी जातो. वीज कंपनीला मात्र राजकारणाकडून जे हवे असते ते बहुतांशी याच एका विषयात. त्यामुळे कंपनीधार्जिणा आयुक्त नेमणाऱ्या गव्हर्नरला ग्राहकांच्या नाराजीची झळ क्वचितच पोहोचते, पण ग्राहकांची बाजू घेणारा आयुक्त नेमला तर कंपनीची नाराजी त्याला लगेच जाणवते. आयुक्ताची निवडणूक स्वतंत्र घेतली की हा प्रश्न त्या गाठोड्यातून बाहेर येतो. टिमोथी बेस्ली आणि स्टीफन कोट या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हाच युक्तिवाद मांडून अमेरिकी राज्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा आयुक्त निवडून देणाऱ्या राज्यांत घरगुती वीजदर कमी असल्याचे त्यांना आढळले.

ताजे उदाहरण जॉर्जियाचे आहे. व्होगल येथील दोन नव्या अणुभट्ट्यांचा खर्च सुरुवातीला सुमारे १४ अब्ज डॉलर धरला होता; तो ३० अब्जांच्या पुढे गेला, काम सात वर्षे लांबले आणि त्याचा मोठा भार ग्राहकांच्या बिलांवर आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या मतदारांनी दोन विद्यमान आयुक्तांना मोठ्या फरकाने पराभूत केले. नेमणुकीची पद्धत असती तर हा राग थेट आयोगापर्यंत पोहोचवायला त्यांच्याकडे मार्गच नसता.

सारासार

अनुबंध, जॉर्जियाचे उदाहरण आपल्याच मताच्या विरुद्ध जाते. व्होगलच्या विस्ताराला २००९ मध्ये मंजुरी देणारा, त्यानंतर वाढत्या खर्चाचे अहवाल वेळोवेळी तपासून काम पुढे चालू ठेवणारा आणि डिसेंबर २०२३ मध्ये साडेसात अब्ज डॉलरहून अधिक खर्च दरांत घालू देणारा आयोग लोकांनी निवडलेलाच होता. मतदारांनी शिक्षा दिली ती दोन्ही भट्ट्या सुरू झाल्यानंतर, म्हणजे बदलण्याजोगे काही उरले नव्हते तेव्हा.

माझा मूळ आक्षेप मात्र आयुक्ताच्या कामाच्या स्वरूपाशी निगडित आहे. दरवाढीचा अर्ज आला की आयोगापुढे जवळजवळ खटलाच उभा राहतो. शपथेवर साक्षी होतात, उलटतपासणी होते, कंपनीने घातलेले भांडवल शहाणपणाने घातले होते की नाही हे तपासले जाते, त्यावर किती परतावा द्यायचा आणि घसारा किती वर्षांत विभागायचा हे ठरते, आणि या सगळ्यातून शेवटी एक दर निघतो. ‘मी दर वाढू देणार नाही’ असे आश्वासन देऊन जो उमेदवार निवडून येतो, त्याने साक्ष ऐकण्याआधीच निकाल जाहीर केलेला असतो. न्यायाधीशाने असे केले तर आपण त्याला त्या खटल्यातून बाजूला व्हायला सांगू. शिवाय वाहिन्या आणि उपकेंद्रे तीस-चाळीस वर्षांसाठी उभारायची असतात, तर ॲरिझोनातला आयुक्त चार वर्षांनी पुन्हा मते मागायला जातो. आज दुरुस्ती टाळली तर बिल आजच कमी होते, पण तारा तुटू लागतात तेव्हा खुर्चीवर दुसरेच कोणी असते.

इतिहासही पाहावा. कॅलिफोर्नियाने १८७९ च्या राज्यघटनेने तीन सदस्यांचा रेल्वे आयोग निर्माण केला आणि त्याचे सदस्य लोकांनी निवडायचे ठरवले. ज्या सदर्न पॅसिफिक रेल्वेला वेसण घालायची, तिच्याच प्रभावाखाली तो आयोग वर्षानुवर्षे राहिला. या रेल्वेची राजकारणावरील पकड मोडण्याचे वचन देऊन हायरम जॉन्सन गव्हर्नर झाले, आणि १९११ मध्ये घटनादुरुस्ती होऊन तिथे गव्हर्नरने नेमलेल्या पाच सदस्यांचा आयोग आला. वीज आणि इतर सार्वजनिक सेवांवर नियंत्रण ठेवणारा आजचा कॅलिफोर्नियाचा आयोग हा त्याचाच वारस आहे. फ्लोरिडाने १९७८ मध्ये निवडणूक सोडून नेमणूक स्वीकारली. न्यू मेक्सिकोच्या मतदारांनी तर २०२० मध्ये स्वतःच कौल देऊन आयुक्त निवडण्याचा आपला अधिकार सोडला. लोकांनी वापरून पाहिलेला हक्क लोकच परत करतात, याचा विचार व्हायला हवा.

नीरक्षीर

पैशाचा मुद्दा अजून आलेला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. ॲरिझोनातील सर्वांत मोठ्या वीज कंपनीची पालक कंपनी पिनॅकल वेस्ट हिने २०१४ च्या आयोगाच्या निवडणुकीत इतर संस्थांमार्फत १ कोटी ७ लाख डॉलर खर्च केले. मतदारांना तेव्हा हे कळले नव्हते. कंपनीने ते मान्य केले २०१९ मध्ये. ज्या पदाच्या निवडणुकीकडे बहुतेक मतदारांचे लक्षही नसते, तिथे अशा रकमेचे वजन किती पडत असेल याचा अंदाज करता येतो.

अनुबंध

सारासार, व्होगलबाबतचा आपला पहिला मुद्दा मी मान्य करतो. मंजुरी देणारा आयोग निवडून आलेला होता हे मी लिहायला हवे होते. मात्र २०२२ आणि २०२४ या दोन्ही वर्षी ठरलेल्या निवडणुका न्यायालयीन वादामुळे झाल्याच नाहीत, हेही लक्षात घ्यावे. सर्वाधिक भार बिलांत आला तो नेमका याच काळात.

पैशाबद्दल नीरक्षीर यांचे म्हणणे खरे आहे, पण त्याच प्रकरणाचा उत्तरार्धही सांगायला हवा. तो खर्च उघड व्हावा म्हणून कंपनीवर पहिल्यांदा समन्स काढले ते रॉबर्ट बर्न्स या निवडून आलेल्या आयुक्ताने. कंपनी न्यायालयात गेली आणि प्रकरण लांबले. मग २०१८ च्या निवडणुकीत सँड्रा केनेडी निवडून आल्या, ज्यांचा २०१४ च्या त्याच निवडणुकीत पराभव झाला होता. आयोगातील बळ असे बदलल्यावर पुन्हा मागणी झाली आणि आकडा बाहेर आला. म्हणजे रोग निवडणुकीतून आला, पण औषधही तिथूनच आले.

आता नेमणुकीच्या राज्याकडे वळू. ओहायोमध्ये गव्हर्नर मनाला येईल त्याला नेमू शकत नाही. नामांकन समिती इच्छुकांची छाननी करून चार नावे पाठवते आणि त्यांतून निवड होते. याच वाटेने २०१९ मध्ये सॅम रँडाझो आयोगाचे अध्यक्ष झाले. फर्स्टएनर्जी या वीज कंपनीने पुढे २०२१ मध्ये सरकारी वकिलांशी केलेल्या करारात मान्य केले, की पदावर येण्याच्या सुमारास रँडाझो यांना तिने ४३ लाख डॉलर दिले होते. रँडाझो यांनी आरोप नाकारले, आणि खटला निकाली निघण्याआधीच २०२४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्याच कंपनीला हवा असलेला अणुप्रकल्पांच्या अर्थसाहाय्याचा कायदा ६ कोटी डॉलरच्या लाचखोरीतून संमत झाला आणि त्यासाठी विधानसभेचे अध्यक्ष लॅरी हाउसहोल्डर यांना २० वर्षांची शिक्षा झाली. हे सारे उघडकीस आणले ते केंद्रीय तपास यंत्रणेने. ग्राहकांच्या हातात त्या काळात काहीही नव्हते. निवडणुकीत १ कोटी डॉलर खर्च करून लाखो लोकांची मने वळवावी लागतात, तर नेमणुकीत काही मोजकी माणसे पुरतात. यांतली कोणती वाट कंपनीला स्वस्त पडते?

उत्तरायण

दोन्ही बाजूंनी आतापर्यंत भ्रष्टाचाराचीच चर्चा झाली आहे. प्रामाणिक आयुक्ताच्या हातात तरी नेमके काय असते, तेही पाहू. ‘होप नॅचरल गॅस’ प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये सांगितले, की कंपनीला आपली आर्थिक पत टिकवता येईल आणि भांडवल उभारता येईल इतका परतावा दरातून मिळाला पाहिजे. म्हणजे लोकांनी कितीही उत्साहाने निवडून दिलेला आयुक्त दर एका मर्यादेखाली नेऊ शकत नाही. त्याला खरी मोकळीक असते ती परताव्याच्या टक्केवारीत आणि कोणता खर्च नाकारायचा यात. त्यातही दर फार दाबून ठेवले तर गुंतवणूकदार सावध होतात, कंपनीच्या रोख्यांचे मानांकन घसरते, कर्जावरचे व्याज वाढते, आणि ते व्याज पुढच्या दरात ग्राहकच भरतो. बेस्ली आणि कोट यांना आढळलेला कमी दर वाचताना ही पुढची पायरीही डोळ्यांसमोर ठेवावी.

जॉर्जियाच्या निवडणुका ज्या वादामुळे थांबल्या, तोही इथे महत्त्वाचा आहे. तिथे आयुक्ताने एका ठरावीक विभागात राहायचे असते, पण मतदान साऱ्या राज्याने करायचे असते. या पद्धतीमुळे कृष्णवर्णीय मतदारांच्या मताचे वजन घटते, असा निकाल केंद्रीय जिल्हा न्यायालयाने २०२२ मध्ये दिला आणि वरच्या न्यायालयाने तो २०२३ मध्ये फिरवला. ‘लोकांनी निवडावे’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या लोकांनी, कोणत्या मतदारसंघातून, हे ठरवतानाच निम्मा निकाल लागलेला असतो.

आयुक्त कसा निवडावा यापेक्षा सुनावणीत ग्राहकाच्या बाजूने कोण उभे राहते, याची मला अधिक काळजी वाटते. इलिनॉयमध्ये आयुक्त नेमलेले असतात, पण १९८३ मध्ये कायद्याने तिथे नागरिक सेवा मंडळ स्थापन झाले, जे स्वतःचे वकील आणि तज्ज्ञ घेऊन घरगुती ग्राहकांतर्फे आयोगापुढे बाजू मांडते. कंपनीचे कागद ओळीओळीने वाचणारा कोणी समोर नसेल, तर कोणत्याही पद्धतीने आलेल्या आयुक्तापुढे कंपनीचेच आकडे उरतात.

सारासार

उत्तरायण यांच्याशी मी सहमत आहे, आणि त्यात एक भर घालतो. लोकांना मताचा हक्क द्यायचाच असेल तर तो मालकीच्या ठिकाणी द्यावा. सॅक्रामेंटोच्या सार्वजनिक वीज संस्थेचे संचालक लोक निवडतात, आणि १९८९ मध्ये तिथल्या मतदारांनी कौल देऊन स्वतःच्याच मालकीचा रँचो सेको अणुप्रकल्प बंद करवला. चुकीचा खर्च त्यांनीच सोसला आणि निर्णयही त्यांनीच घेतला. खासगी कंपनीवर निवडून दिलेला पंच बसवण्यात ही जबाबदारी येत नाही.

अनुबंध

खासगी कंपन्यांच्या ग्राहकांनी मग मालकी बदलेपर्यंत थांबायचे का? इलिनॉयसारखे मंडळ मलाही हवे आहे, पण ते आयोगापुढे फक्त बाजू मांडू शकते, निकाल देऊ शकत नाही. आयुक्ताने कंपनीच्या बाजूने हात वर केला की तेच मंडळ पुन्हा अर्जदार होऊन बसते.

पैशापुरती माझी भूमिका मी बदलतो. नियंत्रित कंपनीने उमेदवाराला देणगी देण्यावर बंदी घालावी असे मी म्हणणार होतो, परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालानंतर उमेदवारापासून अलग राहून केलेला खर्च रोखता येत नाही, आणि ॲरिझोनातला पैसा इतर संस्थांच्या आडून आलेला होता. उघड करायला लावणे मात्र शक्य आहे. ॲरिझोनाच्याच मतदारांनी २०२२ मध्ये मोठ्या बहुमताने कायदा संमत केला, की प्रचारावर मोठा खर्च करणाऱ्या संस्थेने पैशाचा मूळ स्रोत सांगितला पाहिजे. हा कायदा २०१४ मध्ये असता तर त्या १ कोटी ७ लाख डॉलरांवर मतदानापूर्वीच कंपनीचे नाव आले असते.

नीरक्षीर

तो कायदा मलाही मोलाचा वाटतो. तरीही नाव छापून आले म्हणजे ते वाचले गेले असे नव्हे, आणि मतपत्रिकेच्या तळाशी असलेल्या या पदापर्यंत पोहोचण्याआधीच अनेक मतदार थांबतात. जॉर्जियात २०२५ मध्ये लोक मतदानाला बाहेर पडले ते बिलांनी पोळल्यावर. दर स्थिर असतील आणि अर्जात पुढच्या वीस वर्षांचा खर्च शांतपणे मंजूर होत असेल, अशा वर्षी ते बाहेर पडतील, याचे एखादे उदाहरण अनुबंध यांनी दिले तर माझे मत बदलायला मी तयार आहे.