‘महिला राखीव’ जागेतील महिला कोण? कटनी, भादली आणि स्कॉटलंड

प्रश्न · पाटाचे_पाणी

मी विधी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षात शिकतो. राज्यघटनेच्या कलम १५ वर टिपण लिहिताना तीन प्रकरणे शेजारी ठेवली आणि तिथेच अडकलो. मध्य प्रदेशातील कटनीचे महापौरपद महिलांसाठी राखीव असताना कमला जान ही तृतीयपंथी व्यक्ती त्यावर निवडून आली. पुढे ‘उमेदवार पुरुष आहे’ या कारणावरून ती निवड रद्द झाली आणि २००३ मध्ये उच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवले. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे सर्वसाधारण महिला राखीव प्रभागातून अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने ग्रामपंचायतीसाठी भरलेला उमेदवारी अर्ज छाननीत बाद झाला होता; मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये तो ग्राह्य धरायला लावला आणि त्या निवडूनही आल्या. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १६ एप्रिल २०२५ रोजी, स्कॉटलंडमधील सार्वजनिक मंडळांवरील महिलांच्या निम्म्या जागांसंबंधीच्या वादात, समानता कायद्यातील ‘स्त्री’ म्हणजे जैविक स्त्रीच, असा निकाल दिला.

कलम १५ मधील ‘लिंग’ या शब्दात लिंगओळखही येते, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) प्रकरणात २०१४ मध्येच सांगितले आहे. मग राखीव जागेचा प्रश्न त्याच दिवशी सुटायला हवा होता. तो का सुटला नाही?

उत्तर १ · समांतर_आरक्षण

कारण नालसा निकालाने ज्या प्रश्नाचे उत्तर दिले, तो तुमचा प्रश्न नव्हता. कलम १५(१) मध्ये ‘लिंग’ हा शब्द मनाईच्या वाक्यात येतो: या कारणावरून कोणाशी भेदभाव करू नका. मनाईच्या वाक्यातला शब्द कितीही रुंद केला, तरी त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या पानातले काही कमी होत नाही. कलम १५(३) मात्र स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा देते, आणि ग्रामपंचायतीतील राखीव जागा ज्यातून येतात त्या २४३-ड मध्येही ‘स्त्रिया’ हाच शब्द, कोणतीही व्याख्या न देता, वापरलेला आहे. तिथे जागा मोजक्या असतात आणि कोणाला आत घ्यायचे हे ठरवताना कोण बाहेर राहणार हेही ठरते. मराठीत आपण दोन्हीकडे ‘लिंग’ आणि ‘लिंगाधारित’ असे बोलून मोकळे होतो, म्हणून हा फरक लवकर नजरेत भरत नाही.

नालसा निकालाने दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. स्वतःला पुरुष, स्त्री किंवा तृतीयपंथी म्हणवण्याचा हक्क मान्य केला; आणि आरक्षणासाठी मात्र तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग मानावे, असा निर्देश दिला. पहिल्या वाटेने गेलात तर भादलीला पोहोचता. दुसऱ्या वाटेने गेलात तर कर्नाटकाने २०२१ मध्ये शासकीय नोकऱ्यांत दिलेल्या एक टक्का समांतर आरक्षणापाशी, म्हणजे स्वतंत्र वाट्यापाशी, पोहोचता. माझे मत विचाराल तर दुसरी वाट अधिक सुरक्षित आहे. पण ग्रामपंचायतीत तशी वाट आखलेलीच नव्हती आणि अर्ज तर त्याच आठवड्यात निकाली काढायचा होता, हेही न्यायालयासमोर होतेच.

उत्तर २ · उत्तरेचा_पाऊस (लीड्स, इंग्लंड)

मी इथे मनुष्यबळ विभागात काम करते, त्यामुळे ब्रिटनचा तो निकाल मला कामासाठी वाचावा लागला. भारतातील बातम्यांत त्याचा अर्धाच भाग आला, असे वाटते. २०१० च्या समानता कायद्यात संरक्षित वैशिष्ट्ये नऊ आहेत आणि त्यांत ‘लिंग’ व ‘लिंगबदल’ ही दोन वेगळी कलमे आहेत. दुसऱ्या कलमाखालील संरक्षणासाठी प्रमाणपत्र लागत नाही आणि ते निकालानंतरही तसेच राहिले. वाद एवढाच होता, की २००४ च्या कायद्याखाली ज्यांच्याकडे लिंगमान्यतेचे प्रमाणपत्र आहे आणि म्हणून ज्यांचे लिंग ‘सर्व कारणांसाठी’ बदललेले मानले जाते, त्या व्यक्ती पहिल्या कलमात ‘स्त्री’ म्हणून मोजायच्या का.

न्यायालयाचा सर्वांत पटणारा युक्तिवाद मला गर्भारपणाच्या तरतुदींचा वाटला. तिथे ‘स्त्री’ या शब्दाचा जैविक अर्थच लावावा लागतो, आणि एकाच कायद्यात एकच शब्द कलमागणिक अर्थ बदलू लागला, तर तो राबवायचा कसा? शिवाय ते प्रमाणपत्र गोपनीय असते. समोरच्या व्यक्तीकडे ते आहे की नाही हे मला दिसत नाही आणि मी विचारूही शकत नाही. मात्र दुसरी बाजूही सांगते. ‘सर्व कारणांसाठी’ असे लिहिलेल्या कागदाचा उपयोग नेमक्या या कायद्यात उरत नसेल, तर तो कागद घेणाऱ्यांना आपण फसवले गेलो असे वाटणारच. दोन पारलिंगी (ट्रान्सजेंडर) अर्जदारांना त्या सुनावणीत बाजू मांडण्याची परवानगी मिळाली नाही, ही गोष्ट तर मला आजही खटकते.

उत्तर ३ · छाननीचे_टेबल

मी निवृत्त शिक्षक आहे. ग्रामपंचायत निवडणुकीत चार वेळा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या शेजारी बसून अर्जांच्या छाननीचे काम केले. भादलीच्या प्रकरणाशी माझा संबंध नाही, पण ते टेबल कसे असते ते सांगतो. समोर अर्जांचा गठ्ठा, प्रत्येक अर्जाला जातीचे प्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापराचा दाखला टाचलेला. दारात दोन्ही पॅनेलची माणसे हरकती घ्यायला उभी. ‘महिला’ या शब्दाचा अर्थ ठरवायला आमच्याकडे पुस्तिकेपलीकडे काहीच नसे. पुस्तिकेत नसेल ते नामंजूर, हाच आम्हाला सुरक्षित मार्ग वाटे, कारण मंजूर केले तर जाब आम्हाला विचारला जातो आणि नामंजूर केले तर उमेदवार न्यायालयात जातो.

म्हणून खंडपीठाने घातलेली अट मला महत्त्वाची वाटली. अर्जदाराने स्त्री ही ओळख आयुष्यभरासाठी स्वीकारली आहे आणि यापुढे सोयीनुसार ती पुरुष म्हणून वावरणार नाही, हे न्यायालयाने आदेशात नोंदवून घेतले. पण असे शब्द लिहून घेण्याचा अधिकार न्यायमूर्तींना असतो, टेबलावरच्या माणसाला नसतो. ती तरतूद अर्जाच्या नमुन्यातच हवी.

प्रश्नकर्ता · पाटाचे_पाणी

तिघांचेही आभार. मनाई आणि वाटा हा भेद टिपणात घेतो. मात्र तो मांडताना आणखी एक गाठ पडली. जन्माने स्त्री म्हणून नोंद झालेली आणि आता पुरुष म्हणून जगणारी व्यक्ती दोन्हीकडे ठेवून पाहिली. भादलीच्या तर्काने तिला महिला राखीव प्रभागातून उभे राहता येणार नाही. ब्रिटनच्या निकालाच्या तर्काने दाढी राखलेली तीच व्यक्ती मंडळावरील महिलांच्या निम्म्या जागांत धरावी लागेल. उत्तर २ मधील ताईंना विचारतो: तुमच्या कचेरीत ही मोजणी प्रत्यक्षात कोणी केली आहे का?

उत्तर २ · उत्तरेचा_पाऊस

अजून तरी नाही. आमच्या तक्त्यात तो रकाना सध्या रिकामा ठेवला आहे आणि त्यावर पेन्सिलने ‘वकिलांना विचारणे’ असे लिहिले आहे.