'रन' म्हणजे नुसतं पळणं नाही, तुमचे अनुभव लिहा

सातरस्ता_अक्का: काल लेकीच्या पुस्तकात 'शी इज रनिंग अ टेम्परेचर' (म्हणजे तिला ताप आलाय) आलं आणि आमच्या इंग्रजीच्या बाईच डोळ्यापुढे आल्या. एकच क्रियापद घेऊन अख्खा फळा भरायच्या, नाक रन होतं म्हणजे गळतं, दुकान रन करायचं म्हणजे चालवायचं, साखर रन आउट झाली म्हणजे संपली. वर्गात तेलुगू, कन्नड, मराठी सगळ्या घरच्या पोरी, प्रत्येकीनं आपल्या भाषेत सांगायचं. 2011 मध्ये बातमी आली होती, ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशवाल्यांनी या एका क्रियापदाचे 645 अर्थ काढले म्हणून, 1989 च्या आवृत्तीत 'सेट' पुढं होता. तुम्हाला कुठला कसा कळला?

टॉवेलवाला: बाहेरच्या गिऱ्हाइकाचा मेल, 'विल द रेड रन?' आमचे रंगमास्तर चौथी शिकलेले पण लगेच म्हणाले, लाल सुटंल का विचारतोय. लाल काठाचा टॉवेल भिजवला, पांढऱ्या कापडात घडी घालून वर गरम इस्त्री दाबून धरली, उघडलं तर कापडावर काठाची फिकट गुलाबी रेघ. अख्खा लॉट परत साबणाच्या उकळत्या पाण्यातनं काढला, मगच कळवलं. फार मोठा माणूस ओ तो.

जुळेसोलापूर: भाऊ अमेरिकेत आहे, फोन ठेवताना 'आय हॅव टु रन' म्हणतो. आई दर वेळी काळजीनं, "आता कुठं पळूलालास रे, जेवलास का?" 😄

कडकभाकरी: @जुळेसोलापूर तुमच्याकडं पाणी आलं का आज? आमच्या गल्लीत अजून नाही

जुळेसोलापूर: पहाटे आलं की, फोर्स कमी होता, टाकी निम्मीच भरली

मेडिकलवाला: विजापूरला निघालेला एक परदेशी पाहुणा दुकानात आला, पोट धरून 'आय हॅव द रन्स' म्हणाला. क्रियापद नाही पण त्यातनंच निघालंय, जुलाब लागलेत. ओआरएसची पाकिटं दिली, बाकावर बसवून एक ग्लास तिथंच पाजला, उन्हाळ्यात आपल्याकडं अंगातलं पाणी गेलं की माणूस लगेच गळतो ओ, सगळ्यांनी घरात ओआरएस ठेवाच

कडकभाकरी: खरंय अण्णा. लिंबू सरबत पण

निवृत्त_गुरुजी: निवडणुकीला अमेरिकन माणूस 'रन' करतो, ब्रिटिश 'स्टँड' करतो. आपणही उभेच राहतो, मुलांना हे सांगितलं की विसरत नाहीत. अक्का, त्या बाई अजून सोलापुरातच असतात का?

सातरस्ता_अक्का: नाही गुरुजी, लेकाकडं हैदराबादला गेल्या. तब्येत बरी आहे, दिवाळीला फोन होतो

नवीनोकरी: आमच्या मॅडम सारख्या 'रन इट बाय मी' म्हणतात, ते काय?

टॉवेलवाला: पाठवायच्या आधी मला एकदा दाखव. लगेच दाखव बाळा, मेल गेल्यावर नको